‘बंद करा’वाले आणि ‘चालू द्या’वाले एका हॉलमध्ये कसे बसवावेत

नाशिकच्या सिडकोत आमचा केबलचा धंदा होता तेव्हा ऑफिसातला फोन मी घ्यायचे. नवरा आणि पोरं लाइनवर, मी टेबलावर. चित्रात मुंग्या येतात, आवाज येत नाही, वसुलीवाला पोरगा उर्मट बोलला, या तक्रारी रोजच्या. त्यांखेरीज आणखी एक जात होती. “वहिनी, ते चॅनल बंद करा, घरात मुली आहेत.” आणि रात्री साडेनऊला त्याच गल्लीतून, “वहिनी, चॅनल का घालवलं? पैसे तर पूर्ण घेता.” काही वेळा दोन्ही फोन एकाच घरातले असायचे, दुपारचा सासूचा आणि रात्रीचा सुनेचा. उलटही व्हायचं, सासवा काही कमी नव्हत्या.

डिजिटल बॉक्स आले आणि चॅनल घालवणं-आणणं आमच्या हातातून गेलं. पुढे धंदाही दुसऱ्याच्या हवाली केला. आता राणेनगरला सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा चर्चेचा कट्टा चालवते. विषय कांद्याच्या भावाचा असो की कुंभमेळ्याच्या रस्त्यांचा, तासाभरात कोणीतरी म्हणतंच, “हे सगळं दाखवतातच कशाला?” मग एक बाजू संस्कारांवर जाते, दुसरी राज्यघटनेवर, आणि चहा गार होतो. हा विषय भांडण न होता, किंवा भांडण झालंच तर कामाचं होईल असा कसा घ्यायचा, ते लिहिते. वाचनालयात, ज्येष्ठ नागरिक संघात, महिला मंडळात, कुठेही चालेल.

विषय ठरवताना

“सेन्सॉरशिप हवी की नको” असा फलक लावू नका. त्यावर लोक पाठ केलेलं बोलतात. एक ठरावीक वस्तू घ्या. एखाद्या वेब सिरीजमधला एक प्रसंग, एखादी जाहिरात, अपघाताचा न झाकलेला फोटो, एखाद्या विनोदवीराची क्लिप. ती हॉलमध्ये दाखवा. चारचौघांत दाखवण्यासारखी नसेल तर तिच्यात काय आहे ते एकदा कोरड्या शब्दांत सांगा. मग विचारा, “कोणी पूर्ण पाहिलंय?” हात फार थोडे वर होतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पहिल्या फेरीत फक्त ऐकायचं, हा आमच्याकडचा नियम. यावरून एक गृहस्थ रुसून उठून गेले. पुढच्या महिन्यात अख्खी सिरीज पाहून आले आणि सगळ्यांत जास्त तेच बोलले.

निवडणुकीच्या तोंडावर हा विषय घेऊ नका. बस्स.

कात्री कोणाच्या हातात, ते फळ्यावर लिहा

निम्मी वाफ इथेच जाते. “सेन्सॉरनं कापलं” म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात वेगळीच कात्री असते. मी फळ्यावर चार खाने पाडते: मंडळ, सरकार, कंपनी, जमाव.

मंडळ म्हणजे थिएटरातल्या चित्रपटाला प्रमाणपत्र देणारं. त्यामागे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे. यू, यूए, ए हे शिक्के सगळ्यांना माहीत असतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्येच वय ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे झाले, हे फारसं कोणाला माहीत नसतं. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच तपासणं घटनेत बसतं का, हा प्रश्न चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला होता. १९७० मध्ये न्यायालयाने सांगितलं की बसतं, कारण पडद्यावरच्या चित्राची पकड इतर कलांपेक्षा घट्ट असते. पुस्तकाला किंवा वर्तमानपत्राला छापण्याआधी अशी तपासणी नाही. नाटकाला महाराष्ट्रात आहे. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. कालिदास कलामंदिरात वर्षानुवर्षं नाटकं पाहणाऱ्या आमच्या सभासदांपैकी कितीतरी जणांना हे नवीन होतं. म्हणजे तेच वाक्य कादंबरीत असेल तर आधी कोणी विचारत नाही, नाटकात असेल तर विचारतात, आणि ओटीटीवर असेल तर कंपनी स्वतःच वयाचा शिक्का मारून मोकळी होते. हे तिन्ही शेजारी-शेजारी लिहून दाखवा. दोन्ही बाजूंचे लोक थोडा वेळ गप्प बसतात, आणि तेवढा वेळ पुढच्या खान्याला पुरतो.

सरकारकडे पुस्तक जप्त करण्याचा अधिकार आहे. इंटरनेटवरचं काही बंद करायला आयटी कायद्याचं कलम ६९ए आहे, ज्याखाली २०२० मध्ये टिकटॉक गेलं. मार्च २०२४ मध्ये अश्लीलतेच्या कारणावरून केंद्राने १८ ओटीटी प्लॅटफॉर्म बंद केले. आणि एक गोष्ट केबलवाल्यांना चांगली ठाऊक असते: १९९५ च्या केबल कायद्यानुसार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त आदेश काढून एखादा कार्यक्रम किंवा चॅनल थांबवू शकतात. कार्यक्रम “सुरुची आणि सभ्यता” यांना सोडून नसावा असंही नियमांत आहे. सुरुची कोणाची, ते नियमांत नाही.

कंपनीची कात्री आवाज करत नाही. निफाडकडचा माझा भाचा यूट्यूबवर शेतीच्या बातम्या देतो. शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी टाकताना तो शीर्षकात ‘आ*महत्या’ असं फुलीसकट लिहितो. त्याच्या शेजारी बसून पाहिलंय मी. आधी पूर्ण शब्द टाइप करतो, मग मागे जाऊन मधलं अक्षर काढतो. बोलताना त्या जागी आवाजही घालवतो. “मामी, पूर्ण लिहिलं की जाहिराती जातात.” त्याला कोणी नोटीस पाठवलेली नाही, कोणी फोन केलेला नाही. कोर्टात जायचं तर कोणाविरुद्ध जाणार? मला विचाराल तर या चौघांत सगळ्यात जास्त काळजी मला याच कात्रीची वाटते, पण कट्ट्यावर तिच्यावर कोणी तावातावाने बोलत नाही, कारण तिला पक्ष नाही.

जमावाला कायदा लागतच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनात पत्रकार गिरीश कुबेर यांच्यावर शाई फेकली गेली, त्यांच्या पुस्तकातल्या मजकुरावरून. पुस्तकावर आक्षेप असणं वेगळं. आक्षेप घेणाऱ्यांना लिहिता येतं, सभा घेता येते, दावा लावता येतो. या खान्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात साफ सांगून ठेवलंय: निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, कायदा-सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. तो चित्रपट आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा होता. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम उशिरा सांगते. तोवर माना डोलावणारे काही पुरोगामी इथे थांबतात.

वातावरण तापलं तर गावातला इतिहास काढा

लांबच्या उदाहरणांवर लोक भांडतात, गावातल्या उदाहरणावर ऐकतात. आणि नाशिककडे मालाची कमतरता नाही. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. दोन महिन्यांच्या आत इंग्रजांनी १९१० चा प्रेस कायदा आणला. छापखान्यांकडून जामीनरक्कम मागायची आणि मजकूर खपला नाही तर ती जप्त करायची. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटकही त्याच वर्षी बंद झालं.

आता प्रश्न टाका: “लिखाणाने माणसं पेटतात म्हणून लिखाण दाबा, हा इंग्रजांचा मुद्दा होता. तो चूक होता का?” सावरकरांना मानणारे “चूक” म्हणतात. मग त्यांना हळूच विचारा, आज एखाद्या पुस्तकाविषयी आपण नेमकं तेच म्हणतो का?

बाबासाहेबांना मानणाऱ्यांसाठीही एक ठेवा. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्यावर लिहायचे, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या नाशिकला माहीत आहे, त्याला हे सहसा माहीत नसतं. लाज वाटेल अशा विषयावर लिहायचा हक्क बाबासाहेबांनी कोर्टात लढवला, हे ऐकल्यावर “घाण आहे, बंद करा” म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो.

समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने

हा भाग घाईने उरकू नका. नियम साधा आहे: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं की तो म्हणेल, “हो, मला हेच म्हणायचंय.” तो नाही म्हणाला तर पुन्हा.

आमच्याकडे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक आजोबा येतात, आणि गंगापूर रोडला कॉलेजात शिकणारी, दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी. विषय होता शिव्यांनी भरलेल्या एका सिरीजचा.

“आजोबा, रिमोट तुमच्या हातात आहे. नाही पटलं तर बदला.”

“रिमोट माझ्या हातात आहे, पोरी. मोबाईल नातवाच्या हातात आहे. तो पांघरुणात काय बघतो ते मला कुठून कळणार?”

“मग त्याच्या मोबाईलला लॉक लावा ना. माझ्यासाठी का कापता?”

“लॉक असतं हे मला आज तू सांगतेस. त्या कंपनीनं कधी सांगितलं का?”

इथे मी थांबवलं आणि अदलाबदल करायला लावली. आजोबांना पहिल्याच फटक्यात जमलं: “हिचं म्हणणं, मोठ्या माणसानं काय बघावं ते सरकारनं ठरवू नये. आज शिवी कापतील, उद्या सरकारवरची टीका शिवी म्हणून कापतील.” मुलगी म्हणाली, बरोबर.

तिला मात्र जड गेलं. “आजोबांना वाटतं आमची पिढी बिघडलीये.” आजोबा नाही म्हणाले. “आजोबांना शिव्या सहन होत नाहीत.” आजोबा हसले, “खात्यात शिव्या ऐकत नोकरी काढली मी.” बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “आजोबांना वाटतं, पूर्वी घरात काय येतं त्यावर घराचा काहीतरी ताबा होता. टीव्ही एक होता, सगळे एकत्र बघायचे. आता एका बाजूला एकटं पोर आणि दुसऱ्या बाजूला मोठी कंपनी, आणि मधे कोणीच नाही. म्हणून ते म्हणतात, मधे कोणीतरी असावं.” आजोबा म्हणाले, “हे मलाही असं सांगता आलं नसतं.”

परंपरावादी बाजूचा खरा मुद्दा हाच आहे, आणि उदारमतवादी मंडळी त्याला “जुनाट” म्हणून उडवून लावतात तेव्हा वाद हरतात. शिवाय सभ्यता आणि नीतिमत्ता ही दोन कारणं राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये लिहिलेलीच आहेत, कोणा बुवाने घुसवलेली नाहीत. पण त्याच कलमाकडे बोट दाखवून उदारमतवादी बाजूला असं म्हणता येतं की यादी मोजकी आहे: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. ‘भावना दुखावणे’ एवढंच कारण त्यात नाही. धर्मभावना दुखावण्याच्या गुन्ह्यालाही हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असावा लागतो. ही यादी छापून खुर्च्यांवर ठेवा. लोक भाषणाऐवजी यादीत बोट ठेवून बोलायला लागतात.

“ते वेगळं आहे” हे वाक्य पकडा

आता पक्ष बदलून विचारायचं. माझी लाडकी जोडी १९५० ची आहे. मद्रास सरकारने डाव्या विचारांचं ‘क्रॉसरोड्स’ साप्ताहिक राज्यात यायला बंदी केली, आणि दिल्लीत संघविचारांच्या ‘ऑर्गनायझर’ला मजकूर आधी तपासून घ्यायचा हुकूम झाला. दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले, दोघेही २६ मे १९५० या एकाच दिवशी जिंकले. पुढच्या वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून बंधनांची कारणं वाढवली. विरोधात बोलणाऱ्यांत पुढे जनसंघ काढणारे श्यामाप्रसाद मुखर्जी होते.

नंतरची उदाहरणं भराभर टाका, थांबू नका. १९९८ मध्ये नथुरामवरचं नाटक थांबवलं गेलं तेव्हा राज्यात सेना-भाजप युतीचं सरकार होतं. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारचा आदेश रद्द केला. २००४ मध्ये शिवाजी महाराजांवरच्या अमेरिकी लेखकाच्या पुस्तकावर बंदी घातली ती काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने. २०२२ मध्ये ठाण्यात शिवरायांवरच्या मराठी चित्रपटाचा शो थांबवला राष्ट्रवादीवाल्यांनी. त्याच वर्षी, महाविकास आघाडीच्या काळात, शरद पवारांवरची पोस्ट टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे महिनाभराहून जास्त कोठडीत होती. २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर गाणं म्हटलं आणि मुंबईतला स्टुडिओ शिवसैनिकांनी फोडला. धर्मांतरावरच्या हिंदी चित्रपटाला मे २०२३ मध्ये पश्चिम बंगालने बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती काही दिवसांत स्थगित केली.

यातल्या कुठल्या ना कुठल्या उदाहरणावर प्रत्येक जण म्हणतो, “ते वेगळं आहे.” म्हणाला की हे वाक्य त्याच्या नावासकट फळ्यावर लिहा. आणि सांगा: वेगळं कसं, ते कुठल्याही पक्षाचं, जातीचं, धर्माचं नाव न घेता सांगा. बहुतेकांना जमत नाही, हसतात आणि बसतात. पण काही वेळा खरंच वेगळं असतं आणि तिथेच कट्टा वसूल होतो.

आमच्या त्या मुलीने एक जातिवाचक शिवी असलेलं रील बंद झालं पाहिजे असा हट्ट धरला होता. आजोबा लगेच म्हणाले, “आता का? स्वातंत्र्य कुठे गेलं?” तिने उत्तर दिलं ते असं: “देवावर, इतिहासातल्या माणसावर, नेत्यावर कोणी काही बोललं तर ऐकणाऱ्याला राग येतो. इथे ते रील बघून उद्या गावात कोणालातरी मार पडतो. राग आवरता येतो, मार आवरता येत नाही.” नाव कोणाचंच घेतलं नव्हतं. आजोबांनी त्यांच्या बाजूने एक रेघ ओढली: “तिकीट काढून जाणाऱ्या मोठ्या माणसाला काहीही दाखवा. न बोलावता घरात शिरतं त्याला नियम पाहिजे.” त्या हिशेबाने नथुरामचं नाटक चालू राहतं, आणि खरं तर त्यांना न आवडणारी कितीतरी नाटकंही. ते त्यांच्या लक्षात आलं. कबूल करायला त्यांनी मान हलवली नाही, पण रेघही पुसली नाही.

या दोन रेघा मला पटतात. वयाचे शिक्के हवेत, लॉक हवं, आणि प्रत्यक्ष माणसावर हल्ल्याची चिथावणी असेल तर कारवाई हवी. मोठ्यांसाठीचं आधीच कापून ठेवणं मला मान्य नाही, जमाव तर मुळीच नाही. पण चालवणाऱ्याने स्वतःचं मत शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत सांगू नये. माझं आधी कळलं की सोसायटीतले अर्धे लोक माझ्याशी असलेल्या संबंधांप्रमाणे बाजू घेतात.

तक्रार करायचीच असेल तर

चर्चेनंतर कोणी ना कोणी म्हणतं, मग करायचं काय. ते तयार ठेवा. ओटीटीला १३ वर्षांवरच्या शिक्क्याच्या कार्यक्रमांसाठी पालकांचं लॉक द्यावंच लागतं, २०२१ च्या नियमांनुसार. आमच्याकडे ते लावायचं कसं याचं प्रात्यक्षिक घेतलं, त्याला चर्चेपेक्षा जास्त गर्दी झाली. ओटीटीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मालिका किंवा मनोरंजनाच्या चॅनलची तक्रार आधी चॅनलकडे, मग वाहिन्यांच्याच तक्रार परिषदेकडे, जिला बीसीसीसी म्हणतात. जाहिरातीसाठी एएससीआय, म्हणजे जाहिरात क्षेत्राचीच नियमन संस्था. वर्तमानपत्रासाठी प्रेस कौन्सिल. आणि काही कापलं गेलं याची तक्रार असेल, तर चित्रपट प्रमाणन मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. ‘चालू द्या’वाल्यांना हा रस्ता आठवतच नाही, ते फेसबुकवर लिहून थांबतात.

पत्रात भाग कितवा, मिनिट कोणतं, दृश्य काय, कोणत्या नियमाला धरून आक्षेप, एवढं लिहा. “आमच्या भावना दुखावल्या” या वाक्याने पत्र सुरू करू नका, ते तिथेच बाजूला पडतं. स्क्रीनशॉट जोडा. आणि पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवू नका. कमिटीत दोन्ही मतांची माणसं असतात. ज्याला आक्षेप आहे त्याने स्वतःच्या नावाने सही करावी, आणि ज्याला त्या आक्षेपावर आक्षेप आहे त्याने वेगळं पत्र लिहावं. दोन्ही पत्रांचा मसुदा मी एकाच बैठकीत, एकाच टेबलावर तपासून देते.